रेवेचे गाणे आणि हरसूदचे दार

पाश्चात्त्य धर्तीच्या रॉक संगीताविषयी जुन्या पिढीची एक ठाम तक्रार असते. ढोलांचा दणदणाट फार, तारांचा खणखणाट फार, आणि या गदारोळात गाणाऱ्याच्या मनात काय आहे ते मुळीच कळत नाही, असे वडीलधारी माणसे म्हणतात. तरुणांचे उत्तरही तितकेच ठरलेले असते. जे साध्या बोलण्यात सांगता येत नाही तेच मोठ्याने वाजवून सांगावे लागते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद घरोघर चालतो आणि बहुधा दार आपटून संपतो. परंतु एखादी ध्वनिमुद्रिका अशी निघते की तिच्यापुढे दोन्ही पक्षांना काही काळ गप्प बसावेसे वाटते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाने 2000 साली काढलेली ‘कंदिसा’ ही अशांपैकी एक. ती भोपाळमधील एका मराठी घरात कशी ऐकली गेली, त्याची ही हकीकत आहे.

भोपाळच्या रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस, रायसेन रस्त्याकडे जाताना, अशोका गार्डन ही वस्ती लागते. नावात बाग असली तरी वस्ती दाटीची आहे. लहान लहान घरे, अंगणापुरती मोकळी जागा, आणि एका घरातला रेडिओ दुसऱ्या घरात ऐकू यावा इतक्या जवळजवळच्या भिंती. गोविंदपुऱ्याकडच्या कारखान्यांत कामाला जाणारी अनेक कुटुंबे या बाजूस राहत आली. कोणी मराठी, कोणी केरळीय, कोणी बुंदेलखंडातले. 1956 साली भोपाळात विजेच्या अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना उभारला गेला आणि साऱ्या देशातून माणसे या शहरात आली. आपल्या हकीकतीतले मराठी घरही अशाच एका कामगाराचे. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू.

नातवाने ‘कंदिसा’ची कॅसेट विकत आणली आणि पहिल्याच संध्याकाळी ती इतक्या मोठ्याने लावली की आजी देवघरातून बाहेर आल्या.

“अरे बाळा, हे गाणं आहे की गिरणी?”

“आजी, पाच मिनिटं बसून तर ऐक.”

“बसायला काय, बसते. पण तुझे बाबा आले म्हणजे मग त्यांच्याशी तू बोल.”

आजी बसल्या. नातवाला तेव्हा ठाऊक नव्हते, पण या बसण्यातूनच पुढची सारी कथा निघाली.

त्या कथेकडे वळण्यापूर्वी या संगीताचे गोत्र थोडे पाहिले पाहिजे. 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत व इंग्लंडात ‘पंक’ नावाचा एक प्रकार पुढे आला. दोन-तीन मिनिटांचे गाणे, मोजके स्वरमेळ, वेगवान ठेका आणि शब्दांत उघड चीड, एवढेच त्याचे साहित्य. न्यू यॉर्कच्या ‘रॅमोन्स’ची पहिली ध्वनिमुद्रिका 1976 सालची आणि लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ची 1977 सालची. वाद्यावर प्रभुत्व नसले तरी चालेल, सांगण्याची निकड पाहिजे, असा या मंडळींचा बाणा होता. पुढे वॉशिंग्टन शहरातील काही तरुणांना वाटले की जगावर ओरडणे पुष्कळ झाले. आता तीच तीव्रता स्वतःच्या दुःखाकडे, पश्चात्तापाकडे, तुटलेल्या मैत्रीकडे वळवावी. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या मंडळाची 1985 ची ध्वनिमुद्रिका हा भावनाप्रधान पंकचा आरंभ मानला जातो. गाता गाता गळा दाटून आला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे रॉकच्या तरुण श्रोत्यांना या मंडळींनी पटवून दिले.

‘इंडियन ओशन’ला कोणी पंक म्हणणार नाही. त्यांची गाणी लांब असतात, सावकाश फुलतात आणि त्यांतला तबला कोणाही बैठकीच्या गायनाला शोभावा असा असतो. तथापि गाण्यामागे निकड असलीच पाहिजे आणि दुःख लपवू नये, या दोन गोष्टींत त्यांचे नाते त्या परदेशी तरुणांशी जुळते. 1990 साली गिटारवादक सुस्मित सेन आणि तबल्यावर बसून गाणारे असीम चक्रवर्ती यांनी या मंडळाचा पाया घातला. पुढे राहुल राम हे बेस गिटार घेऊन आणि अमित किलाम हे ढोलसंच घेऊन त्यांना मिळाले. दिल्लीत करोलबागेतील खजूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चाले. मंडळाची पहिली ध्वनिमुद्रिका 1993 मध्ये निघाली. 1997 मधील ‘डेझर्ट रेन’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात, श्रोत्यांसमोर वाजवतानाच मुद्रित केलेली आहे. ‘कंदिसा’ ही तिसरी.

या चौघांपैकी राहुल राम यांचे आयुष्य इथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पर्यावरणातील विषद्रव्यांचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर ते प्राध्यापकीकडे न वळता 1990 नंतरची काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात कार्यकर्ते म्हणून राहिले. नदीकाठच्या गावांतून हिंडताना तिथली गाणी त्यांच्या कानी पडली. त्यांतलेच एक नर्मदेचे स्तुतिगीत ‘मा रेवा’ या नावाने ‘कंदिसा’मध्ये आले.

गाणे अगदी साधे आहे. अमरकंटकाहून निघालेल्या रेवामाईचे पाणी निर्मळ आहे, ते खळखळत वाहत आहे, आणि तिने माणसांची मोठी सेवा केली आहे, असा त्याचा भाव. त्यात धरणाचा उल्लेख नाही, सरकारचा नाही, रागाचा तर मुळीच नाही. कोणत्याही घाटावर कोणतीही बाई ते म्हणू शकेल. परंतु चाल जसजशी पुढे सरकते तसतसा ठेका वाढत जातो, आवाजात आवाज मिसळतात, आणि आरंभी काठाशी मंदपणे वाहणारे पाणी शेवटी पुराच्या पाण्यासारखे अंगावर येते. ऐकणाऱ्याला कळते की हे स्तुतीचे शब्द कोणीतरी फार मोठ्या काळजीने म्हणत आहे. ज्या नदीचे वाहणे थांबण्याच्या बेतात आहे तिच्या वाहण्याची ही स्तुती आहे.

आजींनी ते गाणे ऐकले तेव्हा त्यांच्या हातातली जपमाळ थांबली. गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, “हे तर आमच्याकडचं आहे. परत लाव.”

आजींचे माहेर हरसूदचे. खांडवा जिल्ह्यात, इटारसी ते खांडवा या लोहमार्गावर, निमाडातले ते एक जुने व्यापारी गाव. निमाडात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या बोलीत निमाडी शब्द मिसळले, त्यांच्या सणांत निमाडी गाणी मिसळली, आणि नर्मदा तर त्यांची आईच झाली. खुद्द महाराष्ट्रातही या नदीची ओढ काही कमी नाही. नर्मदेला उजवीकडे ठेवून शेकडो कोस पायी परिक्रमा करणारी मराठी माणसे आजही दरवर्षी निघतात आणि परिक्रमेवरची मराठी पुस्तके घरोघर वाचली जातात. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत 1312 किलोमीटर वाहणारी ही नदी नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेला स्पर्श करून जाते. तिथे अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातून सर्वांत आधी सापडले.

त्या दिवसापासून त्या घरात एक रिवाज पडला. वडील कामावरून येण्यापूर्वी, दिवेलागणीस, आजी आणि नातू ते गाणे ऐकत. आजी मध्येच एखादी ओळ म्हणत आणि नातू तिचा अर्थ विचारी. कधी आजी त्याला हरसूदच्या बाजाराच्या, आंब्यांच्या, लग्नातल्या जेवणावळींच्या गोष्टी सांगत. एका ध्वनिमुद्रिकेने नातवाला त्याच्या आजीचे माहेर दाखवले. घरातल्या कोणी ते यापूर्वी मुद्दाम दाखवले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

ध्वनिमुद्रिकेला जिच्यावरून नाव मिळाले त्या ‘कंदिसा’ या रचनेचा अनुभव वेगळाच. ते शब्द कोणत्या भाषेतले हे नातवाला कळेना. अरबी म्हणावे तर अरबी नव्हेत, संस्कृत म्हणावे तर तेही नव्हेत. तो कोडे सोडवीत बसला असता एके दिवशी शेजारच्या केरळीय बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “आवाज जरा वाढव.” या बाई रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. एरवी आवाज कमी कर म्हणून सांगणाऱ्या. नातवाला नवल वाटले. तो कॅसेट घेऊन त्यांच्या घरी गेला. बाईंनी डोळे मिटून गाणे ऐकले आणि सांगितले की ही त्यांच्या लहानपणची प्रार्थना आहे. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये मिस्सा मल्याळममध्ये होऊ लागण्याआधी याच भाषेत होत असे.

ती भाषा सुरियानी. येशू ख्रिस्त ज्या अरामी भाषेत बोलत असत तिचीच ही एक शाखा. केरळातील ख्रिस्ती समाज आपली परंपरा प्रेषित संत थोमापर्यंत नेतो, आणि त्याच्या उपासनेत ही भाषा अनेक शतके टिकून राहिली. सिरो-मलबार चर्चमध्ये 1962 पासून मिस्सा मल्याळममध्ये होऊ लागली आणि सुरियानी शब्द हळूहळू वृद्धांच्या ओठांवरच उरले. त्या प्रार्थनेचा अर्थ थोडक्यात असा की देव पवित्र आहे, समर्थ आहे, अमर आहे, आणि त्याने आमच्यावर दया करावी. पूर्वेकडील सर्व ख्रिस्ती पंथांत ही प्रार्थना आढळते. वसईच्या किंवा अन्य ठिकाणच्या मराठी कॅथलिकांनाही ती परकी वाटणार नाही, कारण शुभ शुक्रवारच्या क्रूसवंदनेत तिचेच शब्द येतात.

‘इंडियन ओशन’ने या प्रार्थनेला चर्चमधील वाद्यांची साथ दिलेली नाही. असीम चक्रवर्तींचा स्वर तिला आळवीत जातो, गिटारची एक धून तिच्याभोवती फिरत राहते, आणि तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. नामजपाचे सामर्थ्य ज्याला ठाऊक आहे त्याला या पुनरावृत्तीचे मर्म सांगावे लागत नाही. हे गाणारे चौघे काही सुरियानी ख्रिस्ती नव्हेत. तरीही दयेची याचना त्यांनी उसनी घेतल्यासारखी वाटत नाही. भोपाळमध्ये तर ती वाटणारच नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 यांमधल्या रात्री या शहरावर विषारी वायू पसरला, हजारो माणसे गेली, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांची छाती कायमची अधू झाली. शेजारच्या बाई त्या रात्री आणि त्यानंतर कित्येक दिवस रुग्णांच्या उशाशी उभ्या होत्या. त्या गाण्याविषयी त्या एवढेच म्हणाल्या, “आम्हीसुद्धा तेव्हा हेच म्हणत होतो. मनातल्या मनात.”

या ध्वनिमुद्रिकेतील सातही रचनांविषयी सविस्तर बोलण्याची आवश्यकता नाही. त्यांतली ‘हिल्ले ले’ मात्र नातवाची विशेष आवडती होती. हिंदी-भोजपुरीचे बंडखोर कवी गोरख पांडे यांच्या गीतावर ती आधारलेली आहे. पांडे यांचा 1989 साली अकाली अंत झाला. दुर्बळांच्या जागृतीने जुनी सत्ता हादरत आहे, असा त्या गीताचा जोश आहे. विशीतल्या मुलाला तो चढला तर आश्चर्य नाही. नातू ते गाणे वडील घरी असताना लावू लागला, आणि तिथेच घरात ठिणगी पडली.

कारण वडील कारखान्यात काम करीत ते जलविद्युत यंत्रांच्या विभागात. धरणाचे पाणी ज्या चक्रावर कोसळते आणि ज्याच्या फिरण्यातून वीज निघते, ती प्रचंड टर्बाइने भोपाळच्या या कारखान्यात घडतात. वडिलांना आपल्या कामाचा अभिमान होता. कंदिलाखाली अभ्यास करून ते मोठे झाले होते. खेड्यात दिवा लागला की त्यात आपल्या हाताचा थोडा अंश आहे, असे त्यांना मनापासून वाटे. आणि नर्मदेवर खांडवा जिल्ह्यात पुनासा येथे इंदिरा सागर धरण बांधले जात होते. 1984 साली त्याची कोनशिला बसली होती. एक हजार मेगावॅट वीज, लक्षावधी एकर शेतीला पाणी, आणि साठवणक्षमतेने देशातले सर्वांत मोठे सरोवर, असा तो प्रकल्प होता. त्याच सरोवराखाली सुमारे अडीचशे गावे बाधित होणार होती, आणि त्यांत हरसूद होते.

ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती, परंतु कोणी ती बोलत नसे. 28 सप्टेंबर 1989 रोजी हरसूदला मोठा मेळावा झाला होता. बाबा आमटे, मेधा पाटकर आणि देशभरातून आलेली हजारो माणसे तिथे जमली होती. पुढे बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावद येथे जाऊन राहिले. आजींना हे सारे माहीत होते. पण मुलाच्या ताटात अन्न वाढताना त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. तो उल्लेख शेवटी नातवाने केला.

“बाबा, तुमच्या यंत्रांनी आजीचं माहेर बुडणार आहे.”

वडिलांनी जेवता जेवता वर पाहिले. “आणि ही तुझी कॅसेट कशावर चालते? पाण्याच्याच विजेवर ना?”

“म्हणून बुडवायचं?”

“मी बुडवतो? मी चाक करतो. चाक कुठे लावायचं ते मला कोणी विचारत नाही.”

आजी मध्ये पडल्या. “दोघंही जेवा आधी,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात ‘मा रेवा’ लागले नाही.

या वादात दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. अशा प्रसंगी गाण्याकडून निवाड्याची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. धरण बांधावे की बांधू नये, विस्थापितांना भरपाई किती द्यावी, हे प्रश्न सभागृहांत, न्यायालयांत आणि रस्त्यांवर लढले जातात, आणि ते तिथेच लढले पाहिजेत. गाणे निराळे काम करते. हिशेबाच्या वहीत ज्यासाठी रकाना नाही, ती गोष्ट ते जपून ठेवते. सरोवराच्या नकाशात हरसूद हे एक बुडीत क्षेत्र होते. गाण्यात ते एका मुलीचे माहेर होते, आणि तिथल्या नदीचे पाणी निर्मळ होते.

30 जून 2004 पर्यंत हरसूद रिकामे करावे असा सरकारी हुकूम निघाला. त्यानंतर जे घडले ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. पत्रे, वासे, विटा, दारे, चौकटी ट्रॅक्टरांवर आणि मालमोटारींवर चढल्या. काहीजण छनेरा येथील नव्या वसाहतीत गेले, काही खांडव्याला, काही नातलगांच्या आश्रयाला. शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले उंबरठे काही दिवसांत उखडले गेले. मागाहून पाणी आले.

जुलैच्या भर पावसात आजींचे धाकटे भाऊ अशोका गार्डनमध्ये येऊन पोहोचले. बरोबर दोन पेट्या, पितळी समई, आणि मालमोटारीच्या मागल्या भागात दोऱ्यांनी बांधलेले एक सागवानी दार, चौकटीसकट. बाकीचे सामान त्यांनी वाटून टाकले होते. दार का आणले, असे विचारल्यावर त्यांना उत्तर सुचेना. “टाकवेना, ताई,” असे ते बहिणीला म्हणाले.

दार दोन दिवस अंगणात भिंतीला टेकून उभे होते. पावसाने भिजू नये म्हणून आजींनी त्यावर जुने लुगडे घातले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. वडिलांनी सकाळी हत्यारांची पेटी काढली, मागल्या खोलीचे दार उतरवले, भिंत दोन्ही बाजूंनी छिनून घेतली आणि माप घेतले. नातू न सांगता येऊन चौकट धरून उभा राहिला. “मामा, हे इथंच बसवू,” वडील म्हणाले, “आणि ही खोली आता तुमची.” दुपारपर्यंत दोघा बापलेकांनी हरसूदचे दार अशोका गार्डनच्या त्या खोलीला बसवले. दार चौकटीत किंचित तिरपे बसले, पण लागत होते.

त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनीच मुलाला सांगितले, “ते रेवेचं गाणं लाव रे.”

गाणे लागले. आजी उंबरठ्याशी बसल्या होत्या, मामा खाटेवर. वडील हातातले सिमेंट खरवडीत उभे होते. ‘मा रेवा’ संपले, तरी कोणी काही बोलले नाही. नातवाने मग ‘लीव्हिंग होम’ लावले. घर सोडून जाणे, असा त्या नावाचा अर्थ. सुस्मित सेन यांची गिटार त्यात एक धून घेऊन निघते, तिच्यापासून दूर जाते, वळून पाहते, पुन्हा निघते. विलाप करावा असे काही त्यात नाही. चाल उलट थोडी उत्साहाचीच आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाचे मन जसे मागे आणि पुढे दोन्हीकडे ओढले जाते तशी ती आहे.

“यात शब्द नाहीत का रे?” मामांनी विचारले.

“नाहीत, आजोबा.”

“बरं आहे,” मामा म्हणाले.

हकीकत इथे संपवली तरी चालेल. पण ज्यांनी हे संगीत केले त्यांच्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी, नाताळच्या दिवशी, हृदयविकाराने निवर्तले. तबला वाजवीत असतानाच गाण्याची त्यांची कला दुर्मिळ होती. हातांनी ठेका सांभाळून गळ्याने मात्र मोकळे राहावे, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. त्यांच्या आवाजात अगोदर मुद्रित झालेली गाणी मंडळाने 2010 साली सरावाच्या जुन्या बंगल्याचा पत्ता नाव म्हणून देऊन प्रसिद्ध केली, आणि इंटरनेटवरून श्रोत्यांना विनामूल्य दिली. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा या मंडळावरील माहितीपट चित्रपटगृहांत आला. त्याचे नावही ‘लीव्हिंग होम’. 2013 साली सुस्मित सेन मंडळातून बाहेर पडले. मंडळ नव्या साथीदारांसह पुढे गात राहिले, आणि ‘मा रेवा’ व ‘कंदिसा’ यांची मागणी त्यांच्या मैफलींत होतच राहिली.

या ध्वनिमुद्रिकेचे गुण सांगताना संगीताचे जाणकार तिच्यातील रागांची छाया, विषम मात्रांचे ठेके, तबला आणि ढोलसंच यांचा मेळ यांवर बोट ठेवतील, आणि ते योग्यच होईल. परंतु सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण दुसराच आहे. रॉक संगीताला साजेसा आवेग तिच्यात आहे, आणि तरी तो आवेग कोणा एका पिढीपुरता राहिलेला नाही. निमाडच्या घाटावरचे भजन, केरळच्या चर्चमधील प्रार्थना आणि भोजपुरी कवीचे गीत या तीन वस्तू ज्या माणसांच्या होत्या, त्यांना ती आपली वाटून घेता आली. ज्यांच्या नव्हत्या त्यांना त्या माणसांच्या जवळ जाता आले. परक्याची प्रार्थना गाताना तिचा अर्थ बदलू नये आणि तरी ती आपली व्हावी, हे फार थोड्यांना साधते.

2010 नंतरच्या काळात भोपाळ शहराच्या बऱ्याच भागांत नर्मदेचे पाणी येऊ लागले. दूरच्या नदीतून ते यंत्रांनी उपसून, नळांवाटे डोंगर चढवून शहरात आणलेले आहे. घरी ही बातमी कळली तेव्हा आजी फार थकल्या होत्या. सुनेने तांब्याभर पाणी आणून दिले. आजींनी ते प्रथम डोळ्यांना लावले आणि मग प्यायल्या. “माहेरचं आहे,” असे त्या हसून म्हणाल्या.

आता त्या घरात आजी नाहीत आणि मामाही नाहीत. वडील निवृत्त झाले आहेत. जुनी कॅसेट कधीच घासून गेली, आणि नातू, जो आता स्वतः बाप झाला आहे, ती गाणी खिशातल्या फोनवर लावतो. मागल्या खोलीचे सागवानी दार पावसाळ्यात फुगते आणि लागताना कुरकुरते. ते रंधून घ्यावे असे सून दरवर्षी सुचवते. वडील ऐकून घेतात आणि रंधा काढीत नाहीत.